गेममधल्या घराबद्दल फीडबॅक द्यायचाय? मग असा द्या

आमच्या गेम खेळणाऱ्यांच्या गटातल्या एका मुलानं गेममधल्या त्याच्या घरात हातमाग उभा केलाय. तो सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, त्याच्या आजोबांचा माग त्यानं लहानपणी पाहिलेला. गेमच्या दुकानात माग कुठला मिळायला? मग त्यानं कुंपणाचे खांब आडवे टाकून चौकट केली. ताण्यासाठी, म्हणजे उभ्या धाग्यांसाठी, मासे धरायच्या चौदा काठ्या शेजारी शेजारी लावल्या, फणीसाठी बांबूचा पडदा वापरला, आणि खेळण्यातली होडी अगदी लहान करून तिचा आडवा धागा नेणारा धोटा केला. सगळ्या मिळून एक्केचाळीस वस्तू. त्या घरात एकूण दोनशेच वस्तू ठेवता येतात, म्हणजे घराचा पाचवा हिस्सा एका मागातच संपला.

मग एक दिवस त्याला तो माग खिडकीजवळ हलवायचा होता. दीड तास गेला. वैतागून तो म्हणाला, "दादा, लिमिट वाढवा म्हणून लिहितो की सरळ." आणि लिहिलंही. आभाराचं ठरावीक उत्तर आलं, विषय संपला.

मी त्याला विचारलं, "तू नेमकं काय करत होतास तेव्हा?" त्यानं सांगितलं ते असं: प्रत्येक तुकडा वेगळा उचलावा लागतो, ठेवताना तो जवळच्या वस्तूला चिकटतो, तीन काठ्या जमिनीत रुतल्या आणि परत निवडताच येईनात. म्हणजे त्याला अडवलं होतं ते लिमिटनं नव्हे. त्याची खरी अडचण होती ती जोडून केलेली वस्तू एकत्र हलवता न येणं. आम्ही ही अडचण आणि रुतलेल्या काठ्यांची तक्रार वेगवेगळी लिहून पुन्हा पाठवली, तेव्हा काठ्यांच्या तक्रारीवर पहिल्यांदा माणसाचं उत्तर आलं: कुठल्या तीन काठ्या, आणि जमीन लाकडी की फरशीची?

त्या दिवसापासून गटाचा फीडबॅक लिहायचं काम माझ्याकडे आहे. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली. आपल्याला काय पाहिजे हे कंपनीला सगळेच सांगतात. आपण काय करायला गेलो होतो आणि कुठल्या क्षणी अडलो, हे फार थोडे लोक सांगतात, आणि बनवणाऱ्यांना काम करता येतं ते त्याच माहितीवर. ती कशी गोळा करायची आणि कशी लिहायची ते क्रमानं सांगतो.

आधी आपलं घर कुठल्या पद्धतीचं आहे ते समजून घ्या

सगळ्या गेममध्ये घर एकाच पद्धतीनं चालत नाही. एका गेमचा उपाय दुसऱ्यात मागितला तर तो मुळातच बसत नाही, आणि वाचणाऱ्याला वाटतं की या माणसाला आपला गेम माहीत नाही.

पहिली पद्धत मोकळ्या जमिनीची. १९९७ साली आलेल्या अल्टिमा ऑनलाइनमध्ये लोक सगळ्यांच्या सामायिक जगातच घर बांधायचे. रस्त्यानं जाणाऱ्याला ते दिसायचं, ही त्यातली मजा. पण जमीन संपली की संपली. दुसरी पद्धत आखलेल्या वस्तीची. फायनल फँटसी चौदामध्ये एका वॉर्डात ६० भूखंड असतात, लहान, मध्यम आणि मोठे. शेजार मिळतो, पण संख्या मोजकीच. तिसरी पद्धत प्रत्येकाला स्वतंत्र प्रत देण्याची. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये फेब्रुवारी २०१७ पासून घरं आहेत, आणि एकच घर हजारो लोक घेऊ शकतात, कारण आत गेल्यावर प्रत्येकाला आपापली प्रत उघडते. इथं जागेची टंचाई नसते, पण खिडकीतून शेजारी दिसत नाही. गेन्शिन इम्पॅक्टमध्ये एप्रिल २०२१ मध्ये आलेलं चहाच्या किटलीतलं घर याच वळणाचं.

घराच्या आतही फरक असतो. काही ठिकाणी ठरलेल्या जागीच ठरलेली वस्तू बसते. रुनस्केपमध्ये २००६ मध्ये आलेलं घरबांधणीचं कौशल्य असंच होतं. काही ठिकाणी चौकटीच्या जाळीवर वस्तू सरकते, तर काही ठिकाणी हवेत तरंगवली तरी चालते. आपला गेम यातला कुठला, हे एका वाक्यात सांगता आलं की पुढचं लिहिणं सोपं जातं.

आठवडाभर वही ठेवा

राग आला की लगेच लिहू नका. घरात आठवडाभर नेहमीसारखं वावरा आणि शेजारी वही ठेवा. मी शाळेची शंभर पानी वही वापरतो. तारीख, काय करत होतो, काय झालं, किती वेळ गेला, एवढंच लिहायचं. दोन ओळी पुरतात.

सगळ्यात मोलाची नोंद म्हणजे आपण अर्धवट सोडून दिलेलं काम. "जिना वळवायचा होता, जमेना, सोडला." असं सोडून दिलेलं आपण दोन दिवसांत विसरतो, आणि मग फीडबॅकमध्ये फक्त मोठमोठ्या मागण्या उरतात.

आठवड्यानं वही उघडा आणि प्रत्येक नोंदीपुढे एक खूण करा. गेम ठरल्याप्रमाणे चालत नसेल तर तो बग. ठरल्याप्रमाणे चालतोय, पण त्रास होतोय, तर ती अडचण. आणि जे मुळात नाहीच, ते व्हावं असं वाटतंय, तर ती इच्छा. काठी जमिनीत रुतून निवडता न येणं हा बग. एक्केचाळीस तुकडे एकेक करून हलवावे लागणं ही अडचण. दुकानात पाट, चटई, तुळशीवृंदावन मिळावं ही इच्छा. तिन्ही गोष्टी वेगवेगळी माणसं बघतात. एकाच मजकुरात कोंबल्या तर तिन्ही हरवतात.

पुन्हा घडतंय का ते बघा, आणि दुपारी बघू नका

हे सोलापूरकरांसाठी मुद्दाम लिहितोय. मे महिन्यात दुपारी पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात असतो. फोन तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मग घरात शिरताना चित्र अडखळतं, फर्निचर उशिरा दिसतं, आणि आपल्याला वाटतं की नव्या अपडेटनं गेम बिघडवला. मी स्वतः अशी एक चुकीची तक्रार पाठवली होती. सकाळी सहाला गच्चीवर बसून तेच घर उघडलं तर सुरळीत चाललं. मला ती तक्रार मागे घ्यावी लागली.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा. थंड फोनवर. मग मोबाइल डेटाऐवजी ब्रॉडबँडवर. मग दुसऱ्या कुणाच्या फोनवर, पण त्याच घरात. मग रिकाम्या घरात. घर रिकामं असताना अडखळत नसेल आणि भरलेलं असताना अडखळत असेल, तर तुम्ही बनवणाऱ्यांचं निम्मं काम केलंत. पाहुण्यांना बोलावून बघणंही विसरू नका. मालकाला जे दिसतं तेच पाहुण्याला दिसतं असं नाही, आणि हा बग मालकाच्या लक्षातच येत नाही.

तीनदा केलं आणि तीनदा घडलं, तर तसं लिहा. पाचात एकदा घडलं, तर तेही लिहा. "नेहमी होतं" असं लिहून नंतर तसं नाही निघालं, तर पुढच्या वेळी तुमचा शब्द हलका पडतो.

मर्यादा का असते

लिमिट वाढवा असं लिहिण्याआधी ते कशानं येतं हे कळलेलं बरं. घरातली प्रत्येक वस्तू सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या संगणकावर, साठवलेली असते: कुठली वस्तू, कुठं, किती फिरवलेली, केवढी, कुठल्या रंगाची. पाहुणा दारात आला की ही सगळी यादी त्याच्याकडे पाठवावी लागते, आणि मग त्याच्या फोननं ती चितारायची असते. त्यामुळे लिमिट तुमच्या फोनवर ठरत नाही, गेम ज्या सगळ्यात साध्या फोनवर चालायला हवा त्यावर ठरतं. एकसारख्या दहा खुर्च्या चितारणं हे दहा वेगळ्या खुर्च्यांपेक्षा सोपं असतं. सावली पाडणारे दिवे फार महाग पडतात. गेन्शिनच्या घरात म्हणूनच नुसती वस्तूंची संख्या नाही, तर भाराची पट्टी आहे, आणि प्रत्येक वस्तूचा भार वेगळा.

कधी मर्यादा पैशांशीही जोडलेली असते. एल्डर स्क्रोल्समध्ये वर्गणी भरणाऱ्याला घरात दुप्पट वस्तू ठेवता येतात. तिथं लिमिटबद्दल बोलणं म्हणजे त्यांच्या उत्पन्नाबद्दल बोलणं. बोलावं, पण हे माहीत असून बोलावं.

हे कळलं की मागणी आपोआप बदलते. आमच्या मुलानं शेवटी असं विचारलं: एकाच प्रकारच्या चौदा काठ्या चौदा वस्तू म्हणूनच मोजायला हव्यात का? हा प्रश्न लिमिट वाढवा म्हणण्यापेक्षा कितीतरी जास्त कामाचा आहे.

प्रत्यक्ष मजकूर

आधीचा मजकूर असा होता: "घराचं एडिट मोड एकदम बेकार आहे. काहीच नीट हलत नाही. लिमिट पण कमी. लवकर दुरुस्त करा." राग खरा होता. पण यात हाताला लागेल असं काही नाही.

आम्ही पाठवलेला मजकूर असा:

"विषय: जोडून केलेली रचना एकत्र हलवता येत नाही. लहान घर, तळमजला, लाकडी जमीन. मी ४१ वस्तू जोडून एक हातमाग केला आहे. तो पूर्वेच्या भिंतीकडून खिडकीजवळ न्यायचा होता. प्रत्येक वस्तू वेगळी उचलावी लागली. दीड तास लागला. ठेवताना वस्तू शेजारच्या वस्तूला चिकटते, ते चिकटणं बंद करता आलं नाही. मूळ रचना पुन्हा जमली नाही, म्हणून मी घराची मांडणी बदलायचं सोडून दिलं. सोबत आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट. मोबाइल, ब्रॉडबँड."

यात कुठंही उपाय सांगितलेला नाही. तो त्यांना शोधू द्या. आपल्याला सुचलेला उपाय असेलच तर शेवटी एका वाक्यात लिहा. "सोडून दिलं" हे वाक्य मात्र काढू नका. खेळाडू एखादी गोष्ट वापरायचंच थांबवतो, ही बनवणाऱ्यासाठी सगळ्यात मोठी बातमी असते. रुतलेल्या काठ्यांचा बग आम्ही वेगळा पाठवला.

इंग्रजीची भीती बाळगू नका. मराठीत आधी अशी तुटक, छोटी वाक्यं करा, मग भाषांतर करून घ्या, आणि ते भाषांतर उलटं मराठीत करून वाचा. अर्थ बदलला असेल तर मूळ मराठी वाक्य आणखी सोपं करा. बटणांची नावं मात्र गेममध्ये जशी दिसतात तशीच ठेवा, त्यांचं भाषांतर करू नका. वेळ सांगताना सर्व्हरची किंवा जागतिक प्रमाण वेळ लिहा. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे आहे, आणि तो वरचा अर्धा तास बाहेरच्यांच्या हिशोबात हमखास चुकतो. जागतिक वेळेचे पहाटेचे चार म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ.

स्क्रीनशॉट पाठवताना कोपऱ्यात खातेक्रमांक, ईमेल, मित्रांची नावं दिसत नाहीत ना, हे बघा. खात्याचा क्रमांक फक्त गेमच्या अधिकृत फॉर्ममधल्या त्याच्या रकान्यात भरा. गटात शाळकरी मुलं असतील तर हे त्यांना शेजारी बसवून शिकवा.

दारावरची पाटी

ही अडचण बाहेरचा कुणी मांडणार नाही, आपल्यालाच मांडावी लागेल. आमच्या गेममध्ये घराला नाव देता येतं. मी लिहिलं: श्री सिद्धेश्वर कृपा. पाटीवर आलं फक्त "श्री सिद्धेश्वर". कृपा गायब.

कारण शोधायला संध्याकाळ गेली. पाटीला सोळा अक्षरांची मर्यादा आहे. आपल्या डोळ्याला या नावात सात अक्षरं दिसतात. पण संगणक काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं सुटं मोजतो. "श्री" म्हणजे श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी, असे चार. "सिद्धेश्वर" दहा. "कृपा" चार. मधल्या दोन मोकळ्या जागा धरून वीस. रोमन लिपीत "होम" लिहिणाऱ्याला ही मर्यादा कधी टोचणार नाही.

दुसरा प्रकार जोडाक्षर तुटण्याचा. "स्वागत" लिहिलं की स च्या खाली पाय मोडलेला दिसतो आणि वागत वेगळं पडतं, किंवा नुसते चौकोन येतात. हे कळवताना स्क्रीनशॉट तर द्याच, पण तोच शब्द मजकुरातही टाइप करा. चित्रातून शब्द परत घेता येत नाही. टाइप केलेला शब्द त्यांना आपल्या यंत्रावर जसाच्या तसा घालून बघता येतो. कसं दिसायला हवं, त्याचंही एक चित्र द्या, फोनच्या नोट्समधून काढलेलं चालतं. आपली लिपी माहीत नसलेल्या माणसाला "हे तुटलंय" एवढं सांगून कळत नाही.

सोडत, गैरहजेरी आणि पैसे

सोलापुरात घराच्या बाबतीत सोडत, ताबा, चावी हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. कुंभारीत रे नगरमध्ये बिडी, यंत्रमाग आणि इतर असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची वसाहत आखली गेली, आणि त्यातल्या पंधरा हजार घरांचं वाटप जानेवारी २०२४ मध्ये झालं. दोन खोल्यांत सहा माणसं राहतात अशा घरातला मुलगा गेममध्ये स्वतःची खोली सजवतो, तेव्हा ती त्याला फार लागून असते. ती गेली तर त्याला खरंच दुःख होतं. म्हणून या विषयावर लिहिताना भावना लपवायची गरज नाही, फक्त तिच्यासोबत तपशील द्या.

फायनल फँटसी चौदामध्ये आधी रिकाम्या भूखंडाच्या पाटीसमोर तासन् तास क्लिक करत उभं राहावं लागे. एप्रिल २०२२ मध्ये सोडत आली. पहिल्याच फेरीत काही भूखंडांवर विजेता क्रमांक शून्य, म्हणजे विजेताच नाही, असं दिसू लागलं. अशा वेळी उपयोगी पडते ती माहिती म्हणजे सर्व्हर, वस्ती, वॉर्ड, भूखंड क्रमांक, आपला सोडत क्रमांक आणि पाटीवर दिसलेला आकडा. सोडतीत भाग घेताच यातल्या पहिल्या पाच गोष्टी वहीत उतरवा, निकालाच्या दिवशी शोधत बसू नका.

त्याच गेममध्ये ४५ दिवस घरात पाऊल टाकलं नाही तर घर पाडलं जातं. जमीन मोजकी आहे आणि रांगेत लोक उभे आहेत, त्यामुळे या नियमामागचं कारण मला पटतं. पण बारावीला बसणारं पोर जानेवारीपासून मार्चपर्यंत गेम उघडत नाही. असा नियम तुमच्या गेममध्ये असेल तर "अन्याय आहे" एवढ्यावर थांबू नका. किती दिवस गैरहजर होतात, का होतात, सूचना कधी आणि कुठं आली, आणि गेम न उघडता ती तुम्हाला दिसू शकली असती का, हे लिहा. चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा "नाही" असतं, आणि दुरुस्त करायला सगळ्यात सोपी गोष्ट तीच असते.

दुसऱ्या गेमचं उदाहरण देताना ते कुठल्या पद्धतीचं आहे हेही सांगा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टनं २०२५ मध्ये आपल्या घरांची माहिती देताना सोडत नसेल आणि वर्गणी थांबली तरी घर जाणार नाही असं सांगितलं. पण तिथं सुमारे पन्नास भूखंडांच्या वस्त्या गरजेप्रमाणे वाढवता येतात. ठरावीक वॉर्ड असलेल्या गेमला "त्यांनी केलं, तुम्ही का नाही" असं विचारणं बरोबर नाही.

खऱ्या पैशांनी घेतलेलं फर्निचर हा वेगळा विषय. वस्तू चित्रात दाखवल्यापेक्षा लहान निघाली, किंवा ती फक्त अंगणात ठेवता येते हे आधी सांगितलं नव्हतं, तर पावतीसह मदत विभागाकडे जा. ते फीडबॅकमध्ये लिहून पैसे परत मिळत नाहीत.

गटानं मिळून लिहिताना

आमच्या गटात मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी सगळी आहेत. सुरुवातीला आम्ही एकच मजकूर सगळ्यांनी चिकटवून पाठवायचो. तो मोर्चा झाला, त्यातून माहिती काहीच गेली नाही. आता मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: गेल्या महिन्यात घरात काय करायचं सोडून दिलंत? "तुम्हाला काय हवं" असं विचारलं की सगळे लिमिट म्हणतात. "काय सोडून दिलं" असं विचारलं तर निम्म्याहून जास्त जणांनी सामान हलवण्याबद्दल सांगितलं. मग ज्यानं त्यानं आपापला प्रसंग आपल्या शब्दांत पाठवायचा, विषयाची ओळ तेवढी सारखी ठेवायची, म्हणजे तिकडे ते एकत्र मोजता येतात.

एखाद्याचं मत वेगळं असेल तर तेही जाऊ द्या. ओल्ड स्कूल रुनस्केपमध्ये नवे बदल खेळाडूंच्या मतदानाला टाकतात आणि ७० टक्के मतं मिळाल्याशिवाय ते येत नाहीत. असं मतदान तुमच्या गेममध्ये असेल तर मत जरूर द्या, पण नकार देताना कारण कळवायची सोय असेल तर तीही वापरा.

चाचणी सर्व्हर, म्हणजे नवे बदल आधी तपासून बघायची गेमची वेगळी जागा, उघडला की पहिल्या दोन-तीन दिवसांतच घराकडे जा. तिथं गोष्टी अजून ओल्या असतात, एकदा खऱ्या सर्व्हरवर आल्या आणि लोकांनी त्यावर घरं रचली की त्या बदलणं अवघड जातं.

पाठवल्यानंतर

वहीत पाठवल्याची तारीख आणि विषय लिहा. प्रत्येक अपडेटची टिपणं वाचा आणि आपल्या नोंदीशी ताडून बघा. बदल झाला असेल तर तेच काम, त्याच घरात, त्याच क्रमानं पुन्हा करा आणि दोन ओळी कळवा: आधी दीड तास, आता इतका. ही दोन ओळींची चिठ्ठी जवळजवळ कुणीच पाठवत नाही, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

आमच्या रुतलेल्या काठ्या आता निवडता येतात. चिकटणं बंद करायचं बटणही आलं आणि माग खिडकीजवळ गेला. तरी तुकडे अजून एकेकच हलवावे लागतात, ती नोंद उघडी आहे. पाटी अजून सोळाचीच आहे. पुढचा चाचणी सर्व्हर सुरू झाला की आत गेल्या गेल्या पहिलं नाव तेच टाकणार, श्री सिद्धेश्वर कृपा, आणि किती अक्षरं उमटतात ते मोजणार.